वार चुकला, दोष कुणाचा?

लातूर-नांदेडच्या गेम झोनमध्ये बसा किंवा छत्रपती संभाजीनगरच्या पोरांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, एक भांडण हमखास सापडतं. कुणीतरी विचारतो, "एल्डन रिंगमध्ये वेळेवर रोल मारला तरी फटका बसतोय, काहून?" एल्डन रिंग म्हणजे तलवारबाजीचा गेम, आणि रोल म्हणजे वार चुकवायला मारलेली कोलांटी. उत्तरं ठरलेली असतात. पहिला म्हणतो, सराव कर, नाचता येईना अंगण वाकडं. दुसरा म्हणतो, ते डबडं विकून टाक आणि नवं ग्राफिक्स कार्ड घे. तिसरा शहाणा असतो. तो म्हणतो, तलवार घेतलीसच कशाला, जादूगार घे आणि लांबून हाण. मग मेसेजचा पाऊस पडतो, एक-दोघं रागाने ग्रुप सोडतात आणि विचारणाऱ्याचा रोल तसाच चुकत राहतो. एवढ्या गदारोळात मशीन कोणतं, रॅमच्या पट्ट्या किती, फटका नेमका कुठल्या लढाईत बसतो आणि त्या क्षणी फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, किती वेळ अडकली होती, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गेममध्ये वार आणि बचाव हाताच्या वेळेवर ठरतात, तिथे फ्रेम वेळेवर पडद्यावर येणं हा खेळाच्या नियमाचाच भाग आहे, त्याला सजावटीच्या खात्यात टाकता येत नाही. नियम ज्याने केला, त्याने तो सगळ्या मशीनवर सारखा लागू होईल असं पाहावं. ज्या मशीनवर तो लागू होणार नाही, तिथे तसं विकण्याआधी सांगावं. वाद 'कौशल्य विरुद्ध पैसा' असा मांडला की ही जबाबदारी गेम बनवणाऱ्याच्या अंगावरून अलगद उतरते आणि खेळणाऱ्याच्या माथी बसते. म्हणजे तू एकतर अडाणी, नाहीतर गरीब. तिसरी शक्यता कुणी बोलतच नाही.

आधी हिशेब पाहू. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० फ्रेम म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांची. रोल मारताना अंगाला काही लागत नाही असा काळ साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा धरा, म्हणजे ६० च्या वेगाने वीस फ्रेम. आता लढाईत एकदाच १२० मिलिसेकंदांचा अडथळा आला, तर सात फ्रेम गेल्या. गदा खाली येताना दिसायच्या आत ती अंगावर असते. गंमत अशी, की दहा सेकंदांत असा एकच अडथळा आला तर त्या दहा सेकंदांची सरासरी ५९ च्या वरच राहते. कोपऱ्यातला हिरवा आकडा ५९ दाखवतो, ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट पडतो आणि 'बघा, मशीन ठीक आहे, पोरगाच कच्चा आहे' असा निकाल लागतो. सरासरी पाऊस ७०० मिलिमीटर झाला म्हणून जुलैतल्या तीन आठवड्यांच्या खंडाने सोयाबीन वाळलं नाही, असं मराठवाड्यात कुणाला पटवून दाखवा. खंड महत्त्वाचा असतो, बेरीज नव्हे.

आता सराववाल्यांची बाजू. ती हलकी नाही. प्लेस्टेशन ४ या कन्सोलवरचा (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) ब्लडबोर्न २०१५ पासून ३० फ्रेमवरच चालतो, त्यातही फ्रेमचं अंतर पुरतं सारखं नाही, तरी लाखोंनी तो पार केला. पहिल्या डार्क सोल्समधला ब्लाइटटाऊन हा भाग जुन्या कन्सोलवर रडतखडत चालायचा, तोही लोकांनी ओलांडला. शिवाय बऱ्याच चुका खरंच हाताच्याच असतात. डार्क सोल्स-एल्डन रिंगच्या घराण्यात रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे, म्हणून रोल बटण दाबल्यावर सुटत नाही, बटण सोडल्यावर सुटतो. घाबरलेला माणूस बटण घट्ट दाबून धरतो आणि स्वतःच्या बोटानेच शंभर-दीडशे मिलिसेकंद घालवतो. त्यात फटका बसून पात्र लडखडत असताना पुन्हा दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो, म्हणून सावरल्यावर नको असलेला दुसरा रोल आपोआप निघतो आणि नेमका पुढच्या वाराखाली नेऊन ठेवतो. यावर औषध एकच: बटण टिचकीसारखं दाबायचं, एका वाराला एकदाच, आणि मागे पळण्याऐवजी वाराच्या कडेने किंवा शत्रूच्या अंगाकडे. हे न करता कार्ड बदललं तर निव्वळ पैसा जाईल. द विचर ३ मध्ये तर दोष मशीनचा नव्हता, बोटाचाही नव्हता. त्यातला नायक गेराल्ट वळायला वेळ घ्यायचा, कारण त्याची चाल देखणी दिसावी म्हणून तशी घडवली होती. २०१५ च्याच १.०७ या दुरुस्तीत हालचालीचा दुसरा पर्याय दिला गेला आणि तक्रार बरीच निवली.

पण या मुद्द्यातून सराववाले जो निष्कर्ष काढतात तो निघत नाही. ३० फ्रेमवर लोक शिकले, कारण ते बहुतेक वेळ ३० च होतं. हात लय शिकतो. संथ लय शिकता येते, मोडकी लय शिकता येत नाही. ३३ मिलिसेकंदांची फ्रेम रोज तशीच आली तर मेंदू तेवढा उशीर गृहीत धरून बटण आधी दाबायला शिकतो. मात्र १७, १७, १७, ११०, १७ अशी फ्रेम आली, तर शिकायचं काय? आज लवकर दाबून जमलं, उद्या तेच करून मार बसला. अशा ठिकाणी 'अजून सराव कर' हा सल्ला म्हणजे फासे टाकायचा सराव कर म्हणण्यासारखं आहे. अंगण वाकडं आहे की नाही, हे ओळंबा लावून बघायला काय हरकत आहे?

आणि वेळेचा प्रश्न डोळ्यांपुरता नाही. वार लागला की नाही हे संगणक ठरवतो कसं, ते पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तलवारीचं पातं आणि शत्रूचं शरीर या दोन्हींभोवती अदृश्य आकार असतात आणि ते एकमेकांत शिरले का, हे गेम प्रत्येक पावलाला तपासतो. समजा पातं ०.२ सेकंदात १२० अंश फिरतं. ६० फ्रेमवर बारा तपासण्या झाल्या, दर वेळी १० अंश. खांद्यापासून पात्याच्या टोकापर्यंतची लांबी दीड मीटर धरली तर टोक दर तपासणीला २६ सेंटिमीटर सरकलं. आता तोच वार १५ फ्रेमवर घ्या. तीन तपासण्या, दर वेळी ४० अंश, टोकाची उडी एक मीटरहून जास्त. माणसाच्या खांद्याची रुंदी अर्धा मीटरही नसते. टोकाशी उभा असलेला शत्रू दोन तपासण्यांच्या मधल्या फटीत राहू शकतो. पडद्यावर पातं त्याच्या छातीतून गेलेलं दिसतं आणि रक्ताचा थेंब नाही. यावर उपाय जुना आहे: दोन स्थितींमधला सगळा पंखा एक आकार मानून तपासायचा, किंवा चित्र कितीही वेळाने काढलं तरी नियमाचं पाऊल ठरावीक वेळेलाच टाकायचं. ज्यांनी हे केलं त्यांच्या गेममध्ये कमकुवत मशीनवर चित्र अडखळतं, पण न्याय अडखळत नाही. ज्यांनी केलं नाही त्यांच्याकडे दोन्ही अडखळतात.

नवं कार्ड घ्या म्हणणाऱ्यांनी डार्क सोल्स २ आठवावा. २०१४ ची गोष्ट. संगणकावर ६० फ्रेमने खेळणाऱ्यांची शस्त्रं कन्सोलवाल्यांपेक्षा दुप्पट वेगाने झिजायची. पातं मेलेल्या शत्रूच्या देहातून किंवा भिंतीतून जात असताना झीज दर फ्रेमला मोजली जायची, फ्रेम दुप्पट तर झीज दुप्पट. चांगल्या मशीनवाल्याची तलवार लढाई संपायच्या आत तुटायच्या बेताला येत होती. दुरुस्ती यायला २०१५ उजाडलं. पहिला डार्क सोल्स संगणकावर आला तेव्हा ३० फ्रेमला बांधलेला होता. चाहत्यांनी बनवलेल्या डीएसफिक्स या जोडप्रोग्रॅमने तो ६० ला मोकळा केला, तर शिडीवरून घसरताना पात्र जमिनीच्या आरपार जाऊ लागलं आणि उडी आखूड पडू लागली. स्कायरिममध्ये ६० च्या वर गेलं की टेबलावरची भांडी खोलीभर उडतात, सुरुवातीची बैलगाडी नव्हे, घोडागाडी, रस्ता सोडून नाचायला लागते. हे सगळे दोष महागड्या मशीनवरचे आहेत. पैसा ओतल्याने नियम दुरुस्त होत नाही. नियम फ्रेमला बांधला असेल तर पैसा त्याला दुसऱ्या दिशेने वाकवतो, एवढंच.

इथे एक खरा आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन त्याची ताकद वाढवत नेण्याचा गेम, हा मुळात आकड्यांचा खेळ. वार लागला की नाही हे पात्राच्या कौशल्याने ठरावं, खेळणाऱ्याच्या बोटाने का? २००२ चा मॉरोविंड याच मताचा. त्यात वार लागण्याची शक्यता म्हणजे शस्त्रकौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा, आणि या बेरजेला दमाचा गुणक: दम पूर्ण असेल तर १.२५, संपला असेल तर ०.७५. कौशल्य ३०, चपळाई ४०, नशीब ४० धरलं तर बेरीज ४२. ताज्या दमाने ५२.५ टक्के, धावून दमलेला असाल तर ३१.५, आणि यातून शत्रूची चुकवण्याची ताकद वजा. नवखे लोक गावापासून गुहेपर्यंत धावत जातात, दम संपवून पोचतात आणि खेकड्यालाही वार लागत नाही म्हणून बोंब मारतात. चालत गेलं असतं तर निम्मी तक्रार मिटली असती! पण पाहा, या खेळात २० फ्रेमवरही शक्यता तीच राहते. डायब्लो २ हातघाईचा, तरी त्याचा न्याय सेकंदाला बरोबर २५ पावलांनी चालतो. वाराला दहा पावलं लागत असतील तर सेकंदाला अडीच वार, नऊ लागली तर २.७८, मधलं काही नाही. म्हणून वेग वाढवणारे हातमोजे घालूनही पुढची पायरी गाठली नाही तर फायदा शून्य. जाणकार त्या पायऱ्यांचे तक्ते पाठ करतात, कारण २००० सालापासून तो तक्ता प्रत्येक मशीनवर खरा आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये पाळीपाळीने लढायचं असतं. त्याच्या तिसऱ्या अंकातलं गजबजलेलं शहर चांगल्या प्रोसेसरला घाम फोडतं, पण त्यामुळे तुमच्या योद्ध्याचा एकही वार हुकत नाही.

म्हणजे हा आक्षेप माझ्या मुद्द्याला उलट बळच देतो. फासे वापरणाऱ्या गेमने न्याय चित्रापासून वेगळा ठेवला आणि मंद मशीनवाल्यालाही तोच न्याय मिळाला. पुढे गेमनी फासे काढले आणि बोटाला अधिकार दिला. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये पातं पोचलं की वार लागतोच, कौशल्यावर फक्त इजा ठरते. बदल चांगला होता, हातघाई जिवंत झाली. पण बोटाला न्यायाधीश केलं की बोटाला वेळेवर दाखवणं ही जबाबदारीही घ्यावी लागते. ती बहुतेकांनी अर्धवटच घेतली.

जादूगार घ्या म्हणणारा तिसरा शहाणा तर नकळत पुरावाच देतो. पंधरा मीटरवरून धावत येणाऱ्या शत्रूला पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यात १२० मिलिसेकंद हरवले तर किस झाड की पत्ती. पण तलवारीच्या अंतरावर, जिथे वार दिसण्यापासून लागण्यापर्यंत ३५० मिलिसेकंद आहेत, तिथे तेवढ्याच वेळाने तिसरा हिस्सा खाल्ला. एकाच मशीनचा दोष जादूगाराला खुपतही नाही आणि तलवारवाल्याला मारतो. मग 'या गेममध्ये हातघाई कच्ची आहे' असे निष्कर्ष फिरतात. खरं तर कच्ची असते ती त्या मशीनवरची वेळ. तलवारवाल्याने जड चिलखत सोडून अंगावरचा भार क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत आणला, तर एल्डन रिंगमध्ये जड रोलच्या जागी मध्यम रोल मिळतो, ३० टक्क्यांच्या आत आणला तर हलका. कच्च्या मशीनवर भार मध्यम ठेवून मोठ्या ढालीवर वार झेलणं हे रोलपेक्षा शहाणपणाचं, कारण ढाल वर धरण्याला अचूक क्षण लागत नाही, फक्त स्टॅमिना लागतो. ढाल घेणाऱ्याला भित्रा म्हणणारे बहुधा थंड खोलीत, चांगल्या मशीनपुढे बसलेले असतात.

बनवणाऱ्यांची बाजू म्हणून सांगितलं जातं की लोक ट्रेलर बघून विकत घेतात, ट्रेलरमध्ये धुकं, सावल्या, केसांची बट दिसते, फ्रेमटाइम, म्हणजे एकेक फ्रेम यायला लागलेला वेळ, दिसत नाही. खरं आहे. पण वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला फेब्रुवारी १७२८ मध्ये काय झालं ते आठवा. निजामाचा तोफखाना जबरदस्त होता आणि मांडून बसता आलं असतं तर त्याच्यापुढे उभं राहणं अवघडच होतं. बाजीरावाने ती संधीच दिली नाही. घोडदळ घेऊन तो फिरत राहिला, त्याच्यामागे धावताना निजामाच्या तोफा मागे पडल्या, पालखेडजवळ पाणी तुटलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह करावा लागला. तोफा वाईट नव्हत्या, त्या लढाईला त्या नको होत्या. पाळीपाळीच्या गेममध्ये हवं तेवढं धुकं ओता. हातघाईच्या गेममध्ये दर सोळा मिलिसेकंदांना हालायचं असतं, तिथे हालचालीच्या आड येणारं प्रत्येक ओझं विकणाऱ्याने स्वतःहून खाली ठेवलं पाहिजे. २०२४ च्या ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये गावातल्या प्रत्येक माणसाचा हिशेब प्रोसेसरवर एवढा पडायचा, की काही खेळाडू फ्रेम वाढवायला गावकरीच कापत सुटले! हसू येतं, पण खेळणाऱ्याने गेमचं ओझं उतरवण्याची याहून थेट तऱ्हा नाही.

मशीनवाल्यांनाही त्यांचं देणं द्यायला हवं: बऱ्याचदा दोष खरंच मशीनचाच असतो. फक्त तो कार्डात असतो हे गृहीतक चुकीचं. देवगिरीच्या १२९६ च्या वेढ्याची कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. किल्ला अभेद्य, आणि धान्य समजून वर नेलेल्या गोण्यांत निघालं मीठ. किल्ला पडला तो कड्यामुळे नाही, कोठारामुळे. आपल्याकडच्या लॅपटॉपचंही हेच होतं. ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड बरं असतं, पण बरोबर ८ जीबी रॅमची एकच पट्टी. एल्डन रिंगची किमान मागणीच १२ जीबी आहे. रॅम कमी पडली की विंडोज माल डिस्कवर टाकतं, डिस्क जुनी फिरती असेल तर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा झटका ठरलेला. शिवाय एका पट्टीला एकच मार्ग: डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी ने-आण करते, दोन पट्ट्या ५१.२. दुसरी तशीच ८ जीबीची पट्टी आणि गेम एसएसडीवर (न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर), एवढ्याने जे साधतं ते कार्ड बदलून कित्येकदा साधत नाही, आणि लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता तरी कुठे येतं?

नेमकं कुठे अडतं हे शोधायला अंदाज नको. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबरचं रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअर टाका, सरासरीचा आकडा लपवा आणि फ्रेमटाइमचा आलेख लावा. रेघ सपाट हवी. सगळ्यात जड लढाईच्या दारात सेव्ह करून तीच लढाई दोन-तीनदा खेळा. काटा, म्हणजे रेघेतली उसळी, एखाद्या ठिकाणी फक्त पहिल्या वेळी उठत असेल आणि पुढच्या वेळी तिथे उठत नसेल, तर तो शेडरचा, म्हणजे चित्र कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा: नवा मंत्र किंवा नवी ठिणगी पहिल्यांदा दिसली की तिचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे तयार होतो. त्याला सेटिंग कमी करून फरक पडत नाही. दर वेळी वेगळ्या जागी उठत असेल तर रॅम किंवा डिस्क पाहा. मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, एक पायरी उतरवा. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची, नाही वाढल्या तर प्रोसेसर-रॅमची, आणि तिथे चित्र कितीही गढूळ केलं तरी उपयोग नाही. कार्डाची अडचण असेल तर आधी धुकं, सावल्या, स्फोट-ठिणग्यांचा दर्जा आणि गवत कमी करा, कारण या गोष्टी लढाईत एकदम वाढतात. विचर ३ मध्ये हेअरवर्क्स हा केसांचा पर्याय बंद केला की लांडग्यांच्या कळपाशी लढताना फरक लगेच कळतो. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं, मात्र कार्डाच्या मेमरीत मावतील एवढे ठेवा. ४ जीबीच्या बाहेर सांडले की झटके, आत राहिले तर जवळजवळ फुकट.

त्यानंतर वेग बांधून टाका. लढाईत सगळ्यात वाईट ५० च्या आसपास राहत असेल तर ६० चा हट्ट नको. पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फेऱ्यांचा, असेल तर ४८ ला बांधा, प्रत्येक फ्रेम बरोबर तीन फेऱ्या टिकते. १२० चा असेल तर ४०. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४५ ला बांधलं तर काही फ्रेम एक फेरी आणि काही दोन फेऱ्या राहतात, म्हणजे पुन्हा मोडकी लय. तिथे नाइलाजाने ३०. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावल्याशिवाय बाकी कशाला हातच लावू नका. आणि फ्रेम जनरेशनच्या जाहिरातीला भुलू नका. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घालतं. ३० च्या जागी ६० दिसतात, पण बोटाचं म्हणणं गेम तीसदाच ऐकतो, आणि मधली फ्रेम बनवायला खरी फ्रेम थोडी अडवून धरावी लागते. फिरायला, निसर्ग बघायला ठीक. ढाल-तलवारीला तोट्याचा सौदा.

उन्हाळ्याचा मुद्दा पुण्या-बंगळुरूच्या परीक्षणांत येत नाही, म्हणून इथे. जानेवारीत खोली २६ अंशांवर असताना जो प्रोसेसर ८२ ला थांबायचा, तो परभणीच्या मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९८ च्या घरात जातो, आणि ९५ ते १०० च्या दरम्यान बहुतेक लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग तोडतात. लक्षण ओळखायला सोपं: पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त, मग आलेख करवतीच्या दात्यांसारखा. हिवाळ्यात पडलेला बॉस, म्हणजे गेममधला मोठा शत्रू, उन्हाळ्यात अजिंक्य होतो, तो यामुळे. मागची बाजू इंचभर उचला. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, उष्णता झपाट्याने उतरते आणि वेग थोडा कमी पण सपाट मिळतो. हातघाईला तोच हवा. कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका, ओल आणि धूळ मिळून पंख्यामागच्या जाळीवर जाड थर बसतो आणि वारा कोंडतो. लाइट जाण्यावर मात्र उतारा नाही, एल्डन रिंगला पॉजचं सरळ बटणच नाही. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस लावला असेल तर तो साधारण ३६० वॉटच पेलतो हे लक्षात ठेवा. बॉसच्या ऐन लढाईत कार्डाने उसळी मारली तर दगा तोच देतो.

एवढं सगळं खेळणाऱ्यानेच करायचं का? छोट्या चमूंबद्दल मी सौम्य आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' आणला, त्रिशूळ-धनुष्याची देखणी हातघाई. आरपीजी नव्हे, पण अशा चमूला शंभर प्रकारच्या मशीनवर तपासायला माणसं आणि पैसा कुठून येणार? मोठ्या कंपन्यांची सबब मात्र चालत नाही. एल्डन रिंग २०२२ मध्ये संगणकावर अडखळत आला, आणि स्टीम डेक या हातात धरायच्या संगणकावरचे झटके कमी करणारी दुरुस्ती गेम बनवणाऱ्यांच्या आधी, डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने आपल्या बाजूने करून दाखवली. म्हणजे काम अशक्य नव्हतं. मशीन हजार तऱ्हेची असतात हे खरं, पण नियमाचं ठरावीक पाऊल, वाराच्या सगळ्या पंख्याची तपासणी आणि पहिल्यांदा उघडतानाच शेडर तयार करून ठेवणं, या तीन गोष्टींना हजार मशीन लागत नाहीत.

शेवटचा आक्षेप घरचाच: पोरांच्या खेळाचा हा कसला सार्वजनिक प्रश्न, इथे लोकांना प्यायला पाणी नाही. पाण्याचा प्रश्न मोठा आहे, वाद नाही. पण चार-साडेचार हजारांचा गेम घेणारा पोरगाही गिऱ्हाईकच असतो, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मालाचा दर्जा आणि प्रमाण जाणून घेण्याचा हक्क त्यालाही देतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते आणि पिशवीवर उगवणक्षमता छापावी लागते. गेमच्या पानावर 'किमान' लिहिलेलं असतं, पण ते किती फ्रेमसाठी, कुठल्या दर्जाच्या चित्राला, रिकाम्या माळावर की बॉसपुढे, यातलं बहुतेक वेळा काही नसतं. एवढंच छापायला लावा: अमुक कार्ड, अमुक रॅम, सगळ्यात जड लढाई, सगळ्यात वाईट फ्रेम इतके मिलिसेकंद. परीक्षण करणाऱ्या आपल्या यूट्यूबवाल्यांनीही माळावर घोडा पळवत ६० चा आकडा दाखवणं सोडावं आणि बॉसपुढचा आलेख दाखवावा.

तोवर हाताशी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा परतावा आहे: घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत. जड लढाया बहुतेक गेममध्ये या दोन तासांनंतरच येतात, त्यामुळे पोरं फसतात. एल्डन रिंगमध्ये मात्र लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशाच्या उघड्यावर पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला ट्री सेंटिनल घोड्यावर फिरत असतो. पात्राचं नाक-डोळे घडवण्यात पाऊण तास घालवू नका, ते पुढे बदलता येतात. आलेख लावा, सरळ त्या घोडेस्वाराकडे जा आणि त्याच्याकडून पाच-सहा वेळा मरा. रेघ सपाट राहिली असेल तर तुम्हाला सरावच हवा आहे. काटे उठत असतील तर सेटिंग उतरवून पुन्हा मरा, आणि तरीही उठत राहिले तर दोन तासांचा काटा ओलांडायच्या आत पैसे परत मागा.